नानांनी आवळलेले नट

सावळीराम नाना ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले, पण त्यांची पक्कड काही निवृत्त झाली नाही. हिरावाडीतल्या सोसायटीत दूधवाल्याच्या आधी नानांची फेरी व्हायची. दाराची कडी, नळाचा जोड, जे हलताना दिसेल ते नाना आवळून मोकळे. ढिलं काही ठेवायचं नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की बायको सुमनबाई म्हणायच्या, "बरं, माझे दात अजून घट्ट आहेत. नाहीतर तेही आवळले असते."

गेल्या दिवाळीनंतर सोसायटीत सायकलींचं वारं शिरलं. कोणाला डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, पोरी क्लासला सायकलवर जायला लागल्या. आता सायकलच्या रिंगमधून हवा भरायचा वॉल बाहेर येतो, त्याला एक चपटा नट असतो. नट ढिला असला की वॉल खुळखुळतो. नानांच्या कानांना ते सोसेना. रोज सकाळी एकेका चाकापाशी उकिडवं बसून ते पक्कड लावत आणि वॉल जागचा हलणार नाही इतका नट आवळत. कोणी सांगितलं नव्हतं. पण सांगितल्यावर केलेली मदत नानांना मदतच वाटत नसे.

मग हवा जाऊन एकामागून एक चाकं बसू लागली. ट्यूब फाटायची ती एकाच जागी, वॉलच्या बुडाशी. ट्यूबा सगळ्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या वाल्मीकने बसवलेल्या. निदान अर्थातच नानांनी केलं आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं: 'वाल्मीक हलक्या ट्यूबा वापरतो. स्वतः तपासून सांगत आहे. सावध राहा.' खाली अंगठ्यांची रास पडली. त्या दिवशी नाना जेवायलाही जरा ताठच बसले.

वरच्या मजल्यावरच्या स्नेहलने मग गावातून चांगली महागाची ट्यूब आणली. बसवली नानांनी, नटही आवळला नानांनीच. आठवडा जायच्या आत ती फाटली. बुडाशीच.

नाना ट्यूब घेऊन गॅलरीत बसले. रबराचा नवा वासही अजून गेला नव्हता. त्यांनी वॉल रिकाम्या रिंगच्या भोकात घातला, नट फिरवायला घेतला आणि आतल्या बाजूने पाहिलं. नट जसजसा आवळला जाई, तसतसा वॉल बाहेर ओढला जाई आणि बुडाचं रबर भोकाच्या काठावर ताणून पांढरं पडे. बोटाने फिरवून सोडला असता तरी पुरे होतं. वॉल थोडा खुळखुळला असता, एवढंच.

"काय झालं?" सुमनबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणताना कान लाल झालेत तुमचे."

संध्याकाळी नाना वाल्मीककडे गेले. पूर्वी तिथे सायकली उलट्या करून ठेवलेल्या असायच्या. आज वाल्मीक एकटाच जुन्या टायरवर बसला होता.

"या नाना. बसा. धंदा लय थंडावलाय बघा. तुमच्या सोसायटीचं तर एक माणूस फिरकत नाय."

नाना शेजारी टेकले.

"ट्यूबा फाटत्यात म्हणून मी मालवाल्याशी भांडलो, सगळा माल बदलला. तरी नाय. तुम्ही जाणते, तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?"

तेव्हा नानांच्या लक्षात आलं. वाल्मीक ग्रुपवर नव्हता. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं, लोक नुसते यायचे थांबले होते. आणि आता गप्प राहिलं तर त्याला कधी कळणारही नव्हतं.

"बाजारच मंदा आहे रे," नाना म्हणाले.

"आसंल," वाल्मीक म्हणाला. त्याने त्यावर विश्वासही ठेवला. तोच नानांना सोसला नाही. शिव्या दिल्या असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं.

"वाल्मीक, ट्यूबा मी फाडल्या," नाना म्हणाले. पक्कड, ग्रुप, अंगठे, सगळं खाली मान घालून सांगितलं. वाल्मीक बराच वेळ हाताचं ग्रीस चिंधीला पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"काय लिहिलं व्हतं? वाचून दावा."

नानांनी वाचलं. आपलाच मजकूर इतका लांब असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"मग आता लिहा."

नानांनी लिहिलं: 'ट्यूबा फाटण्यामागे काही तांत्रिक कारण असल्याचे लक्षात आले आहे.'

"वाचा." वाल्मीकने ऐकलं आणि मान हलवली. "माझं नाव घातलं व्हतं ना? तसं तुमचं घाला."

नानांनी पुसलं. पुन्हा लिहिलं: 'वाल्मीकच्या ट्यूबा चांगल्या आहेत. नट मी, सावळीराम, जास्त आवळले. त्याने फाटल्या. माझी चूक.' अंगठा बटणावर थोडा थबकला, मग टेकला. मेसेज गेला. सोसायटीतले एकेक जण तो वाचू लागले, ते दिसत होतं. कोणी काही लिहीना.

नाना तिथेच बसून राहिले. वाल्मीकने समोरच्या टपरीवाल्याला हाक मारून चहा मागवला. एकच, स्वतःपुरता.