चोकच्या बाजूचा स्क्रू

आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, गाडी जुन्या काळची, कार्बोरेटरची. भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत दारासमोरच उभी असायची. पहाटे साडेपाचला भाडं घेऊन तासाभरावरच्या अक्कलकोटला निघायची. हिवाळ्यात गार गाडी चालू करायची म्हणजे चोक ओढावा लागायचा. चोक ओढला की इंजिन मोठ्यानं ओरडायचं. पाच मिनिटांत गरम झालं की मालक चोक आत ढकलायचे, मग आवाज खाली यायचा. गार इंजिन किती जोरात फिरावं हे ठरवणारा एक स्क्रू चोकच्या बाजूला असतो. थंडी सुरू झाली की मालक तो लावायचे आणि मी टॉर्च धरून उभी राहायचे.

"ऐक," ते म्हणायचे, "मशीनवर बसतीस, तुजा कान चांगला हाय. बरोबर हाय का आता?"

मी नुसती मान हलवायचे. मी पायमशीनवर गाऊन शिवते. धागा जास्त ताणला गेला की मशीनचा स्क्रू अर्धा फेरा ढिला करायचा, एवढं एकच यंत्राचं ज्ञान मला आहे.

सहा वर्षांपूर्वी शेजारच्या अक्कांची लेक बाळंतपणाला आली होती. एका सकाळी नळावर अक्का म्हणाल्या, "तुमच्या गाडीनं बाळ दचकून उठतंय गं. जरा हळू चालू करायला सांग की मालकांना. का तुला तोंडच न्हाय?"

नळावरच्या बायका हसल्या. मीही हसले. मालकांना सांगायला मला जमलं नाही. त्यांना राग आला असता असं नाही, पण गाडीबद्दल त्यांना काही सांगायचं म्हणजे माझी जीभच उचलायची नाही. दुपारी ते झोपले असताना मी मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन बॉनेट उघडलं आणि तो स्क्रू अर्धा फेरा ढिला केला. धाग्याचा करते तसा.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी चालू झाली, थरथरली आणि बंद पडली. तीनदा तसंच झालं. "लई गारठा पडलाय," मालक म्हणाले आणि एक्सिलेटरवर पाय ठेवून तशीच घेऊन गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. मी दारात उभी होते. संध्याकाळी स्क्रू परत लावू असं ठरवलं, पण त्या संध्याकाळी गाडी उशिरा आली आणि इंजिन तापलेलं होतं, हात लावता येईना.

तिसऱ्या पहाटे मालकांच्या छातीत कळ आली. अंग घामानं भिजलं. अक्कांचे मालक, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, पूर्वी टेम्पो चालवायचे. ते धावत आले. मालकांना मागच्या सीटवर घेतलं, डोकं माझ्या मांडीवर. गाडी गल्लीच्या तोंडाशी बंद पडली. मग चौकात. मग दवाखान्याच्या अलीकडच्या वळणावर दोनदा. अण्णा गियर बदलायला एक्सिलेटरवरचा पाय उचलायचे की इंजिन मरायचं. मला कारण माहीत होतं. "पाय काढू नका" एवढे तीन शब्द बोलायचे होते. पुढं परका पुरुष बसलेला, मी पदर तोंडात धरून बसले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं.

तेव्हापासून थंडीच्या दिवसांत पहाटे मला इंजिन बंद पडल्याचा आवाज येतो. चालू झाल्याचा येत नाही, नुसता बंद पडल्याचा. गाडी तर दारात कापडाखाली झाकलेली असते.

अण्णा त्या दिवसापासून माझ्याशी नजर मिळवत नाहीत. समोरून आले तर खाली बघून जातात. बाराव्याला भिंतीकडे तोंड करून म्हणाले होते, "मला तुमची गाडी चालवाय आली न्हाय." ते ऐकूनही मी स्क्रूचं सांगितलं नाही.

या हिवाळ्यात मुलानं पुण्याहून सांगितलं की गाडीला गिऱ्हाईक आहे, चालू करून ठेव. मालकांच्या ओळखीचे मिस्त्री चाचा आले. त्यांनी नवीन बॅटरी टाकली, कार्बोरेटर काढून साफ केला, बसवला. चोकच्या बाजूच्या स्क्रूकडं त्यांचा हात गेला तसं मी म्हणाले, "तो राहू द्या."

"काय झालं भाभी?" त्यांनी वळून बघितलं. "ये तो ढिला आहे. मालक असा ठेवत नव्हते."

मग मी सांगितलं. सगळं, उभ्यानंच. सहा वर्षांत पहिल्यांदा.

चाचांनी हात पुसले. "गार इंजिनाची खात्री दिवसातून एकदाच करता येते. उद्या पहाटे फजरच्या नमाजनंतर येतो."

दुसऱ्या दिवशी ते नमाज करून आले. चोक ओढला, चावी फिरवली. गाडी चालू झाली, थरथरली, मेली. परत केलं. परत तसंच. एक्सिलेटरवर पाय ठेवला की चालायची, काढला की बंद.

"त्या दिवशी गाडी बंद पडली ती ह्याच्यानंच," चाचा म्हणाले. "माणूस कशानं गेला ते मिस्त्रीला नाही कळत, भाभी. ते आपल्याकडं नाही." त्यांनी स्क्रू अर्धा फेरा आवळला. इंजिन ओरडायला लागलं.

तो आवाज चालू असतानाच मी शेजारच्या दारात गेले. अण्णा चहा पीत बसले होते. अक्का आतून आल्या.

"अण्णा," मी म्हणाले, "त्या दिवशी गाडी तुमच्यामुळं बंद पडली नव्हती. त्याच्या तीन दिवस आधी मीच तिचा स्क्रू फिरवला होता. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही."

अण्णांनी कप खाली ठेवला. नजर उचलून माझ्याकडं बघितलं.

"अगं पण का?" अक्का म्हणाल्या. "तू कशाला हात लावलास गाडीला?"

बाळ दचकतंय असं नळावर त्याच मला म्हणाल्या होत्या, हे त्यांना आठवत नव्हतं. चेहऱ्यावरून दिसत होतं.

"मला आवाज सहन होत नव्हता," मी म्हणाले.