वासंतीबाईंच्या कुशीतला फुगा

काचीगुडा स्टेशनामागे तिसऱ्या मजल्यावर वासंतीबाई मुलाकडे राहत. नवरा गेल्यावर गल्लीतून उचलून आणलेली कुत्री, भुरी, हीच त्यांची सोबत. तिच्यासाठी त्या कोपऱ्यावरच्या मटणवाल्याकडून टाकाऊ कलेजी-फुप्फुस आणत आणि कच्चंच घालत. नात रश्मी भुरीच्या गळ्यात पडून लोळायची.

उजवी कूस दुखू लागली म्हणून केदारने आईची तपासणी करवली. यकृतावर पाण्याने भरलेला फुगा निघाला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की असे फुगे मेंढ्यांच्या कलेजीतही असतात. ते कच्चे खाल्ले की कुत्र्याच्या पोटात जंत होतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून, केसांतून आपल्या हाताला लागून पोटात जातात. ऑपरेशनआधी काही आठवडे गोळ्या घ्यायच्या, आणि तोवर पोटाला धक्का लागू द्यायचा नाही. फुगा आतच फुटला तर जिवावर बेतेल.

तेव्हापासून बाई घरात अडकल्या. जिना बंद, ऑटो बंद, वाकणंही बंद. शिंक आली तरी त्या कुशीवर हात दाबून धरत. केदारने भुरीला गच्चीवर बांधलं. तिचं विव्हळणं खाली ऐकू येई. रश्मीची तपासणी ठीक निघेपर्यंत सून शिल्पा धड बोलली नाही, आणि बाईंनाही तिच्याकडे बघवेना.

केदार भुरीला लांब कुठेतरी सोडून येणार होता.

"तिथेही ती हेच खाईल, मग तिथल्या पोरांना होईल," बाई म्हणाल्या. "तिला जंताचं औषध देत राहा, कच्चं बंद कर, हात साबणाने धुवा. डॉक्टरांनी हेच सांगितलंय."

"आणि तेवढ्याने भागलं नाही तर?"

तरी दुसऱ्या दिवशी केदारने हातमोजे चढवून भुरीला औषध दिलं, तिची घाण उचलून जाळली. बाईंनी मटणवाल्याला फोन करून कुत्र्यांना काही टाकू नका म्हटलं.

"फेंकना कां फिर, अम्मा?" मग टाकायचं कुठे, असं त्याने विचारलं. झाकणाचा डबा ठेवतो म्हणाला. ठेवला की नाही, हे उतरून बघणं बाईंच्या हातात नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. भुरीही राहिली, पण गच्चीवरच. शिल्पा तिला शिजवलेला अंडा-भात नेऊन देते. जखम भरल्यावर एकदा बाई म्हणाल्या, "लांबूनच बघून येते."

शिल्पाने जिन्याच्या दाराला कडी घातली. "आधी माझी भीती जाऊ द्या, आई."

ती भीती कधी जाईल, हे बाईंनी विचारलं नाही.