चहात बुडवलेला पटका

चैत्र अर्धाही सरला नव्हता, पण सकाळीच पत्र्यावर हात ठेववत नव्हता. वारा पडलेला. हर्सूलच्या तळ्याकडून पहाटे जो थोडका गारवा यायचा, तोही आज वाटेतच कुठंतरी बसून राहिलेला. टीव्ही केंद्राच्या मागच्या शेडमध्ये सरूबाईनं स्टोव्ह पेटवला, जर्मनचं मोठं पातेलं चढवलं आणि पाणी तापेपर्यंत उंबऱ्यावर गुडघे चोळत बसली. पाणी तापलं की त्यात चहाची पत्ती. दूध नाही, साखर नाही. हा चहा प्यायचा नव्हताच. त्यात धोतरं बुडवायची, टोप्या बुडवायच्या, पटके बुडवायचे.

पांढराशुभ्र कपडा कॅमेऱ्याला सोसत नाही. स्टुडिओतल्या दिव्यांखाली तो पेटल्यासारखा होतो. पडद्यावर डोक्याच्या जागी नुसता उजेडाचा गोळा, आणि खाली तोंड काळं ठिक्कर. आणि आपल्याकडचा शेतकरी टीव्हीवर यायचा म्हटलं, की ट्रंकेतलं सगळ्यात पांढरं काढणार, वरून नीळ देणार. म्हणून पाहुणा आला की आधी सरूबाईकडं, मग मेकअपला, मग आत.

केंद्र म्हणजे पहिल्यांदा नुसता टॉवरच होता. मुंबईचे कार्यक्रम इथून पुढं फेकायचे, एवढंच काम. तेव्हा मुकुंदवाडीची माणसं पोरंसोरं घेऊन टॉवर बघायला यायची, त्याच्या सावलीला भाकरी सोडायची. मग कधीतरी खालच्या गोदामाला आतून गोणपाट ठोकून स्टुडिओ केला, आणि आठवड्यातून मंगळवारचा अर्धा तास आपल्या माणसांना मिळाला. सरूबाईचा नवरा फकिरा तिथं वायरी ओढायला होता. तो गेला, आणि तिला कपड्यांवर घेतलं. मुंबईहून आलेल्या एका मेकअपवाल्यानं तिला हा चहा शिकवला आणि तो आपल्या गावाला परत गेला. ती राहिली. तिची नखं तेव्हापासून तपकिरी.

आता घरोघरी केबल झाली. आज निघतानाच सून म्हणाली होती, "आत्याबाई, तुमचं केंद्र आपल्या टीव्हीत लागतच नाय."

"लागलं तरी तू कुठं बघणार हायेस," असं म्हणून सरूबाईनं डबा उचलला होता. भांडायला बी जीव लागतो.

पाण्याला रंग धरला तेवढ्यात पहिला पाहुणा आला. पुंजाराम. फर्दापूरकडचा, साठीचा, वाळक्या अंगाचा. केळीच्या बागेवर बोलायला बोलावलेला. एसटीतल्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. त्यानं डोक्याचा पटका काढून, नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि तोंड धुवायला नळाकडं गेला. सरूबाईनं मान वर न करता हात लांबवला. मलमल कोरी होती. कोरं कापड रंग लवकर पितं, जपून बुडवावं लागेल, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं पटका पातेल्यात सोडला आणि काडीनं खाली दाबला.

पुंजाराम तोंड पुसत आला. "बाई, माझा पटका?"

"पातेल्यात."

"कशात?"

"चहात हो. वाळतो लगेच, ऊन बक्कळ हाय."

तो पातेल्यात वाकून बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच बोलला, "चहा पाजायचा आसतो बाई. डोक्यावर वतायचा नसतो."

"दादा, सगळ्यांचाच बुडवती म्या."

"सगळ्यांचा बाप मेलेला आसतो का?"

सरूबाईच्या हातातली काडी थांबली.

माघात त्याचा बाप गेला होता. तेराव्याला सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर मामानं हा पटका त्याच्या डोक्यावर बांधला. मामा नव्वदीला टेकलेला. हात थरथरायचे, पटका सारखा सुटायचा, पण दुसऱ्या कुणाला त्यानं हात लावू दिला नाही. वर्षश्राद्धापर्यंत हाच पटका आणि पांढराच. रंगाचा घातला म्हणजे बापाचा दुखवटा आपल्याच हातानं मोडला.

"मंगळवारी मामा टीव्हीसमोर बसणार हाय," पुंजाराम म्हणाला. "खाट आत आणून ठिवलीय. भाच्याच्या डोक्यावर माझा पटका बघतो आन मग डोळे मिटायला मोकळा होतो, असं म्हणलाय. आता त्याला काय दावू? चहा?"

सरूबाईनं काडीनं पटका वर उचलून बघितला. तिच्या भावालाही तिच्या मामानं असाच बांधला होता. हाताला कोरी मलमल कळली, माणूस दुखवट्यातला आहे ते कळलं नाही. माणसांच्या तोंडाकडं बघायचं तिनं कधी सोडून दिलं, तिचं तिलाच आठवेना. ती कपडाच तेवढा बघायची.

मग तिनं पटका बाहेर काढला, साबण लावला, लिंबू पिळलं, नीळ दिली. दगडावर घासून खांदे भरून आले. रंग उतरला, पण थोडाच. सायीवर यावा तसा पिवळेपणा राहिला तो राहिलाच.

कार्यक्रमाचं सगळं बघणाऱ्या प्रमोदिनी मॅडम दारात आल्या. डोळ्यांखाली काळं, हातात घड्याळ. "सरूबाई, झालं का? दिवे लावून बसलोय आम्ही." मग सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "अहो, मग आपल्या कपाटातला दुसरा बांधा ना त्यांना."

"मॅडम, दुखवट्यात परका पटका?" पुंजाराम पिशवी उचलत म्हणाला. "आन उघड्या डोक्यानं तर म्या बसतच नाय. चाललो. केळीचं दुसऱ्या कुणाला इचारा."

"दुसरा आत्ता कुठून आणू हो मी?" मॅडमनीही दाराला पाठ टेकली. स्टोव्ह तेवढा फरफरत होता.

सरूबाईनं विचारलं, "दादा, मामाचा टीव्ही कसला हाय?"

"कसला म्हंजी? लाकडी दाराचा. वर अँटेना. वानरं वाकवत्यात, आमी सरळ करतो."

"रंगीत?"

"कुठला रंगीत! काळा-पांढरा."

"मग आत चला जरा."

ओला पटका हातावर टाकून ती पुढं, मागं पुंजाराम, त्याच्या मागं मॅडम. स्टुडिओत कॅमेऱ्यावर श्रीनिवास होता. गेली कित्येक वर्षं तोच. त्याच्याजवळच्या स्टुलावर एक छोटा टीव्ही होता, काळा-पांढराच. कॅमेरा बघेल ते त्यात दिसायचं. सरूबाईनं कपाटातलं एक न बुडवलेलं कोरं धोतर पाहुण्याच्या खुर्चीवर टाकलं. शेजारी पटका पसरला.

"श्रीनिवास साहेब, यांच्या मामाच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीत कसं दिसंल, ते दावा यांना."

पुंजाराम गुडघ्यावर हात ठेवून वाकला. धोतराच्या जागी नुसती आग होती. ना कड, ना घडी. शेजारचं कापड मात्र पांढरं दिसत होतं, त्याची चुणीन् चुणी मोजून घ्यावी असं.

"हे पांढरं कोणचं?"

"तुमचाच पटका."

त्यानं खुर्चीकडं बघितलं, परत टीव्हीकडं बघितलं.

"काका," श्रीनिवास म्हणाला, "न बुडवता बांधला असता ना, तर मामांना तुमचं तोंडच दिसलं नसतं. नुसता बल्ब दिसला असता."

"म्हंजी मामाला पांढरा दिसंल."

"व्हय," सरूबाई म्हणाली.

"आन घरी गेल्यावर? हातात?"

"हातात चहाचाच दिसंल, दादा." तिला खोटं बोलवेना. खोटं बोलायलाही अंगात काही लागतं.

पुंजाराम खुर्चीशेजारी उकिडवा बसला. मॅडमनी घड्याळ बघितलं. मग तो म्हणाला, "मंगळवारी त्याच्या खाटंजवळच बसतो. त्याचं बघून झालं की मीच डोक्याचा काढून त्याच्या हातात देतो. शिव्या देईल."

"लई?"

"पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकारायला दिल्या नसतील तेवढ्या. मग म्हणंल, बांध."

"आन नाय म्हणला तर?"

"तर त्याच्या दारात उघड्या डोक्यानं बसंन, तो दुसरा बांधस्तोवर. दुसरं काय करता?"

त्यानं पटका घेतला, कपाळाला लावला आणि ओलाच बांधायला लागला. सरूबाईचा हात आपसूक पुढं गेला. त्यानं मान हलवली. तिनं हात मागं घेतला.

दिवे वाढवले तशी पटक्यातून वाफ निघायला लागली. श्रीनिवास कॅमेऱ्याआडून म्हणाला, "मॅडम, चहाला उकळी आलीय." पुंजारामसकट सगळे हसले. त्या वाफेपायी थांबावं लागलं, पटका वाळू द्यावा लागला. मग तो केळीवर बोलला. पाणी कसं तोडायचं, वाऱ्याला आडोसा काय करायचा, घड कधी झाकायचा. बोलताना मधूनमधून हात डोक्याकडं जायचा, पटका जागेवर आहे ना ते बघून खाली यायचा. सरूबाई दाराशी उभी राहून छोट्या टीव्हीत बघत होती. कपडा नाही, तोंड बघत होती. बापाच्या आठवणीनं डोळे आत गेलेला माणूस होता. सकाळीच बघितलं असतं तर दिसलं असतं.

जाताना तो शेडपाशी थांबला. "बाई, पुढच्याला इचारत जा."

"इचारीन."

"आन चहा हाय का? प्यायचा." त्यानं पातेल्याकडं बोट केलं. "त्यातला नगं."

तिनं डब्यासोबत आणलेल्या थर्मासमधला अर्धा कप त्याला दिला. तिच्या वाटणीचाच होता. उभ्यानं पिऊन, कप विसळून, उपडा ठेवून तो एसटीकडं गेला. फाटकातून बाहेर पडेपर्यंत पटका उन्हात दिसत होता. लांबून तसा पांढराच.

दुपारच्या रेकॉर्डिंगचा म्हातारा, हर्सूलचा कडूबा, केव्हाचा खुर्चीवर येऊन बसला होता. डोक्यावर कडक पांढरी टोपी. सरूबाईनं स्टोव्हला पंप मारला. मग त्याच्यासमोर जाऊन त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"बाबा, ही टोपी तुमाला कुणी घातलेली हाय का? तेराव्याची, दुखवट्याची?"

"नाय बा. बाजारातून घेतली. काहून?"

"काय नाय. आणा."

तिनं टोपी पातेल्यात सोडली, काडीनं खाली दाबली आणि रंग धरायची वाट बघत परत उंबऱ्यावर गुडघे चोळत बसली.