सुंदरबाईची विहीर

चकलांब्याकडं बोअर घ्यायचा म्हटलं की आधी अजिनाथमामांना बोलावणं जातं. मामा पाणाडी. तळहातावर आडवा नारळ घेऊन ते अनवाणी रान पालथं घालतात आणि नारळ उभा राहिला की तिथं चुना टाकतात. माझा यावर काडीचा विश्वास नाही. पण मामा खोटं बोलत नाहीत, हे सगळ्या गावाला माहीत.

गेल्या उन्हाळ्यात विठ्ठलरावांचा ऊस वाळायला लागला. त्यांच्या बांधाला लागूनच मामांच्या धाकट्या बहिणीची, सुंदरबाईची, विहीर. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या विहिरीवरच्या भाजीपाल्यावर चालतं. मामा विठ्ठलरावांच्या रानात फिरत होते तेव्हा नारळ नेमका त्या बांधापाशी उठायला लागला. मामांनी अंगठ्यानं तो दाबून धरला, पार पलीकडच्या खडकाळ माळावर गेले आणि तिथं स्वतःच्या बोटांनी उभा केला.

माझं घर त्यांच्या शेजारीच. घरी येऊन मला म्हणाले, "वरचं पाणी दर साली भरतं. पर खालचं उपसलं का वरचं बी त्याच्यामागं खाली जातं. तिथं बोअर लागला तर सुंदीची हीर संपली. म्हनून फत्तर दावला."

एवढं बोलून मामा न जेवताच आडवे झाले. मला मात्र हसू आलं होतं.

माळावर बोअरची गाडी लागली. तीनशे फुटांपर्यंत नुसती धूळ. गाडीवाला थांबवू म्हणाला, पण विठ्ठलराव ऐकेनात. अजिनाथनं दाखवलेली जागा कोरडी निघूच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या कोणाची जागा असती तर तिथंच गाशा गुंडाळला असता. सातशे फुटांवर पाणी उसळलं. विठ्ठलरावांनी मामांना फेटा बांधला. मामांचा चेहरा बघवत नव्हता.

विठ्ठलरावांची मोटर रात्रंदिवस चालली आणि महिनाभरात सुंदरबाईच्या विहिरीचे झरे बंद झाले. मेथी जागेवर करपली. ती भावाकडं आली.

"दादा, लोकाच्या फत्तरात पाणी दावलंस. आता माझ्या रानात दाव."

"मला काई कळत न्हाई, सुंदे," मामा म्हणाले. "खरंच कळत न्हाई."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. सख्खा भाऊसुद्धा मोठ्यांचाच झाला, एवढंच तिला त्यातून समजलं. चहा न घेता ती उठली आणि निघून गेली.