तिने अर्ध्यावर सोडलेली कावेरी

मोपेड चालवता चालवता ती मध्येच थांबायची, कालव्याच्या बांधावरून खाली उतरायची आणि ओल्या गाळात अंगठा रुतवून बघायची. "अक्का, पाहा की, साय धरली अहे," म्हणायची. मागे बसलेली मी उन्हात तापत असे. तंजावूर ते पापनाशम हा रस्ता तिच्याबरोबर कधी वेळेवर संपला नाही.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यावर रागवायला काही कारण सापडत नाही आणि म्हणूनच जास्त राग येतो. माझ्याकडे शिकायला आलेली पोर ती, सिरॅमिक तिला मीच शिकवलं. भट्टीही माझीच, घरामागच्या नारळांखाली. मी कुंड्या, सुरया, पणत्या घडवायचे. ती नदी घडवायची. उन्हाळ्यात उघडं पडलेलं पात्र, भात कापल्यावरचे बांध, पाणी बंद झाल्यावर कालव्यात तडकून वळलेला चिखल. हातभर तुकड्यात मैलभर रान मावलेलं असायचं. मी जळायचे. सरळ सांगते, खूप जळायचे.

लाकडाच्या भट्टीत मधल्या फळीवर आच सारखी लागते. ज्याची भट्टी त्याची मधली फळी, हा आमच्यातला रिवाज, आणि मी तो कसोशीने पाळायचे. तिला खालची फळी, जिथे राख उडते आणि एक बाजू करपते. ती नुसती "सरी, अक्का" म्हणायची, म्हणजे बरं, अक्का. भट्टी उघडली की माझी भांडी गुळगुळीत, देखणी निघायची. तिच्या नदीवर मात्र राखेचे असे काही पट्टे उठलेले असायचे की पाणी नुकतंच ओसरलंय असं वाटावं. आलेली माणसं माझ्या भांड्यांना वळसा घालून तिच्याकडे जायची.

मग आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी लग्नाचा हॉल बांधला. दर्शनी भिंतीवर त्यांना कावेरी हवी होती. ती भिंत मला हवी होती. आयुष्यभर पणत्या विकल्यावर एक तरी काम गावाच्या डोळ्यांसमोर राहावं, एवढीच हाव. दोघींनी नमुने दिले. तिचा पसंत पडला.

संध्याकाळी ती आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. "अक्का, अर्धी भिंत तुम्ही करा की. मज एकटीस एवढी नदी झेपायची नाही."

"मला भीक नको," मी म्हणाले.

"सरी, अक्का," म्हणून ती गेली.

त्यानंतर त्या हॉलकडे मी फिरकले नाही. लग्नाचं बोलावणं आलं की माझे गुडघे दुखायचे.

यंदा पोंगल झाल्यावर ती वारली. साधा ताप म्हणत होते. मी पुष्कळ रडले, आणि रडता रडता मनात आलं, आता तर सगळे तिच्या भिंतीचंच बोलणार.

भाचीच्या लग्नाला मात्र जावंच लागलं. भिंतीवर कावेरी डावीकडून येते, वाळूच्या बेटांना वळसे घालते आणि बरोबर मध्यावर थांबते. पुढे कोरा गिलावा. हॉलचे मालक शेजारी येऊन उभे राहिले.

"किती वेळा म्हटलं, पुरी कर. ऐकलीच नाही. म्हणायची, पुढचं अक्काचं अहे. त्यांस घाई करू नका."

आता रोज सकाळी मी माती घेऊन त्या भिंतीपुढे जाऊन बसते. तिच्या नदीपुढे माझी नदी कशी दिसेल, या धास्तीने हात उचलत नाही. ती असती तर कडाकडा भांडले असते तिच्याशी.