पांढरी पडलेली अंगठी

व्हर्लीन टब्ज क्लीव्हलंडच्या एका इस्पितळात बावीस वर्षं फरशा पुसत होती. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा तिनं ते काम सोडलं आणि पूर्वेकडच्या वस्तीतल्या एका लहानशा संस्थेत शिरली. ज्या घरात पोरं सारखी आजारी पडतात तिथं जायचं आणि घराचंच काही दुखतंय का ते बघायचं, हे संस्थेचं काम. ओल, गॅसची गळती, जुन्या रंगातलं शिसं, उंदीर. पण अहवालावर सही चालायची ती निरोगी घरांची परीक्षा पास झालेल्याचीच. व्हर्लीन पहिल्या खेपेला चार गुणांनी आपटली होती. छप्पन्नाव्या वर्षी पुस्तक डोक्यात शिरता शिरत नव्हतं. तोवर ती टॉर्च घेऊन आधी घर बघून यायची आणि सही दुसरा कुणीतरी ठोकायचा.

जानेवारीत एका शाळेच्या नर्सनं पत्ता दिला. मारिसेला किन्योनेस नावाची बाई, हॉटेलच्या धुलाईखात्यात कामाला. सप्टेंबरात या घरात राहायला आली होती. तिची नऊ वर्षांची नोएलिया तेव्हा वर्ग डोक्यावर घ्यायची. आता ती शाळेत जातच नव्हती.

व्हर्लीन दुपारी पोचली. बाहेर शहरालगतच्या मोठ्या सरोवरावरून बर्फाचा वारा, आत मात्र भट्टीसारखी ऊब. घर लख्ख होतं. जमीन, गालिचा, पायऱ्या, कुठं कण नाही. मारिसेला रोज दोनदा धूळ ओढणाऱ्या यंत्रानं सगळं झाडून काढायची. तिनं डॉक्टरांचे कागद दाखवले. शिशाची तपासणी झाली होती, रक्तात काही सापडलं नव्हतं.

"वर आहे ती," मारिसेला हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही तिच्याकडं बघू नका हं, मिस व्हर्लीन. कुणी बघितलं की भिंतीत शिरायला बघते."

वरच्या खोलीत पोरगी खिडकीखालच्या कोपऱ्यात बसली होती, खोली गरम ठेवणाऱ्या तापलेल्या नळ्यांना पाठ लावून. तळवे गुलाबी, सोललेले. कपाळावर घाम. आणि उजव्या हाताचं नख भिंतीवर वाजत होतं. टक टक टक. थांबायचं, परत टक टक टक. व्हर्लीननं नजर दुसरीकडं ठेवली, पण आवाज मानेवरून चालत गेल्यासारखा वाटला.

तिनं खिडक्या बघितल्या, भिंतीला हात लावला, गुडघे मोडून जमिनीवर आडवी झाली आणि गालिचा उचलून फळ्यांच्या फटींतून बोटं फिरवली. ओल नाही, बुरशी नाही. शिकवलेलं सगळं करून झालं आणि हाती काहीच लागलं नाही.

बाहेर पडताना शेजारच्या ऐंशीच्या मिसेस गॅडिसनं तिला ओट्यावर अडवलं. त्या खोलीत आधी हॉलिस नावाचा म्हातारा राहायचा, हवेचा दाब दाखवणारी जुनी काचेची यंत्रं दुरुस्त करायचा. शेवटची दोन वर्षं तो खोलीबाहेर आलाच नाही. हात थरथरायचे, माणूस दिसलं की तोंड लपवायचा.

"काचेवर नख वाजवायचा दिवसभर, तीन-तीनदा," म्हातारी म्हणाली. "आता ती पोर वाजवते. पोरी, तो मेला, पण गेलेला नाही. तू तुझी टॉर्च घेऊन घरी जा."

व्हर्लीन चर्चमध्ये गाणारी बाई, असल्या गोष्टींना हसणारी नव्हे. बसमध्ये बसल्यावर तिनं हातमोजा काढला. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याची, एमसची, बोटातली सोन्याची अंगठी अर्धी पांढरी पडली होती. पुसली, घासली, पांढरी ती पांढरीच. मेलेल्या माणसाच्या ओठासारखी. दोन थांबे ती नुसती बघत राहिली. एमस काही सांगतोय का, की त्या खोलीतलं काही आपल्याबरोबर बसमध्ये चढलंय?

मग तिला पुस्तकातलं एक पान आठवलं. कारखान्यांचं असेल म्हणून तिनं ते न वाचता उलटलं होतं. तिनं पिशवीतून पुस्तक काढलं. पारा. सोन्याला चिकटतो आणि पांढरं करतो. त्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही, ऊब लागली की वाढते. हात थरथरतात, झोप उडते, माणूस माणसांना भितो.

ती पुढच्या थांब्यावर उतरली आणि उलट दिशेच्या बसनं परत गेली.

फटींवर टॉर्च अगदी आडवी धरल्यावर ते दिसलं. फळ्यांच्या आत खोलवर बारीक चंदेरी मणी, शेकडो, डोळे मिचकावल्यासारखे. मारिसेलाचं धूळ ओढायचं यंत्र रोज त्यांचीच वाफ घरभर पसरवत होतं.

"पोरीला कोट घाल आणि बाहेर चल," व्हर्लीन म्हणाली. "सामान काही घेऊ नकोस. तुझी बहीण आहे ना, तिच्याकडं जा, आणि अंगावरचे कपडेही तिच्या दारातच काढा."

मारिसेलानं विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून? व्हर्लीनजवळ दाखवायला कागद नव्हता. तिनं अंगठी दाखवली. मारिसेलानं आपल्या कानाला हात लावला. गेल्या महिन्यात जमिनीवर पडलेला तिचा सोन्याचा डूल असाच पांढरा झाला होता. अपशकुन म्हणून तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आरोग्य खात्यानं आधी सही कुणाची म्हणून विचारलं. सही नव्हती, तरी व्हर्लीन फोन सोडेना. शेवटी दुसऱ्या दिवशी एक माणूस मोजयंत्र घेऊन गेला, दाराशीच यंत्रावरचा आकडा बघून मागे फिरला आणि घराला कुलूप लागलं. पुढं वरची जमीन उखडून काढली. हॉलिसची पाऱ्यानं भरलेली किती यंत्रं त्या फळ्यांवर फुटली होती, देव जाणे.

एप्रिलमध्ये व्हर्लीन दुसऱ्यांदा परीक्षेला बसली आणि चांगल्या गुणांनी पास झाली. तीन महिने ती पान न् पान वाचत होती, नको वाटणारं पान आधी.

जूनमध्ये ती मारिसेलाच्या बहिणीकडं गेली. औषधांनी नोएलिया हळूहळू परत येत होती. अंगणात मावसभावाशी कडाकडा भांडत होती. त्या महिन्यांतलं तिला फारसं आठवत नव्हतं. ती खोली मात्र आठवत होती.

"तिथं मी एकटी नव्हते," ती सहज म्हणाली. "कुणीतरी माझ्यापेक्षा जास्त घाबरलेलं होतं. मी त्याच्यासाठी गप्प बसायचे."

याचं उत्तर व्हर्लीनच्या पुस्तकात कुठल्याच पानावर नव्हतं. तिनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि खुर्ची ओढून उन्हात तिच्याजवळ बसली.