दीड वाजता काढलेली पिन

आमच्या यांचे एक मित्र आहेत. मी त्यांना भाऊजी म्हणते. दोघं शाळेपासून एकत्र, आयटीआयलाही पालघरला एकाच बाकावर. सहा वर्षं झाली, भाऊजी आमच्या घरी आलेले नाहीत. यांना वाटत होतं, भाऊजींनी फसवलं म्हणून मैत्री तुटली. ती माझ्यामुळे तुटली होती. कुठून सुरू झालं ते इथे लिहून काढते.

हे तारापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत फिटर आहेत. भाऊजींचं तेव्हा बोईसरला जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकायचं दुकान होतं. दर रविवारी ते शिरगावहून गाडीवर आमच्याकडे यायचे आणि येताना सातपाटीचे बोंबील आणायचे. मी ते तळायचे. दोघं जेवून ओटीवर गप्पा मारत बसायचे. मी कुणासमोर फारशी बोलत नाही, पण त्या गप्पा आतून ऐकायला मला आवडायच्या.

यांना फोटो काढायचा नाद. गावातली हळद, लग्नं, होळी, जत्रा, कुठेही हे कॅमेरा घेऊन हजर. पैसे कधी मागितले नाहीत. सगळं सीडीत, पेनड्राइव्हमध्ये, जुन्या लॅपटॉपमध्ये पडलेलं. एकदा शेजारच्या घरातली म्हातारी गेली. तिचा मुलगा तेराव्याला लावायला तिचा चांगला फोटो मागायला आला. यांनी नातीच्या लग्नात काढलेला होता. सीडी घातली तर ती उघडेना. चार वेळा पुसून घातली. तो मुलगा "जाऊ दे काका" म्हणून गेला आणि आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. हे दोन दिवस कॅमेऱ्याला शिवले नाहीत.

त्या रविवारी भाऊजींना म्हणाले, "सगळं एका जागी राहील असं कायतरी पायजे. कोणी मागितलं की लगेच मिळालं पायजे."

"मग घरात सर्वर लाव."

"मी काय बँक हाय?"

"अरे, नाव मोठं, काम साधं. एक कॉम्प्युटर, दिवसरात्र चालू. त्यात सगळे फोटो. घरातल्या कुठल्याबी मोबाइलवर बघ, टीव्हीवर बघ. नवीन घेऊ नको. कंपन्या ऑफिसातले कॉम्प्युटर चार-पाच वर्षांनी काढून टाकतात, तसला छोटा डबा घे. वीज कमी खातो, आवाज नाय करत. तुला काय गेम खेळायचाय?"

"दिवसरात्र टिकेल ना पण?"

"तुज्यापेक्षा जास्त टिकेल. तू जेवलास की आडवा."

आत मी भाकऱ्या थापत होते. भाऊजी पुढे म्हणाले, "एकच बघायचं, आतला प्रोसेसर चौथ्या जनरेशनचा नको. चौथीवाल्याला आता कोण विचारत नाय. सहावा, जमला तर आठवा." मी चौथीपर्यंतच शिकलेली. मला हसू आलं, पण ते तव्याशीच ठेवलं.

भाऊजींनी पुढे सगळं समजावून सांगितलं. पैसे वाचवायचे तर डब्यात वाचव, रॅम जुनी चालेल, पण डिस्क चांगल्या घे. आणि दोन घे. दोन्हींवर तेच फोटो, म्हणजे एक मेली तरी दुसरीत सगळं जिवंत. पंधरा दिवसांनी त्यांनी तो डबा आणून टीव्हीच्या बाजूला लावला. बुटाच्या खोक्याएवढा, काळा, पुढे एक निळा दिवा. लाइट जाऊन आली तर हा आपोआप सुरू होईल, असंही त्यांनी करून ठेवलं होतं. हे रोज सकाळी कामावर जाताना जुन्या लॅपटॉपमधले फोटो डब्यात जायला लावून जायचे. वायफायवरून ते सावकाश दिवसभर जात.

पहिल्या आठवड्यात मी डबा पुसायला गेले आणि मागे हात लागला. गरम होता.

माझ्या आईकडे शिलाई मशिन होतं, मोटर लावलेलं. मी दहा-अकरा वर्षांची असताना तिने मला त्यावर बसवलं. तिचं सांगणं एकच असायचं, मोटर हाताला गरम लागली की थांबायचं, तिला जरा श्वास घेऊ द्यायचा. एका लग्नसराईत ब्लाउजांचा ढीग पडला होता आणि मी थांबले नाही. मोटर जळली. तो वास आणि आईचा चेहरा दोन्ही मला अजून आठवतात.

म्हणून मी दुपारी दीड वाजता, भांडी घासून झाली की, डब्याची पिन काढायचे. चार वाजता चहा ठेवायच्या आधी परत घालायचे. निळा दिवा आपोआप लागायचा. हे साडेपाचला यायचे. यांना सांगितलं नाही, कारण हे हसले असते. मशिनची दया येते म्हणून सांगायला लाज वाटत होती. मला वाटायचं, आपण चांगलंच करतोय.

पहिल्याच महिन्यात यांची कटकट सुरू झाली. "कॉपी परत अर्ध्यात तुटली." कधी म्हणायचे, "फायली खराब झाल्या." एकदा मला मोबाइलवर फोटो दाखवला. एका नवरीचं तोंड नाकापर्यंत नीट आणि खाली सगळं करडं. मला वाईट वाटलं. पण कॉपी म्हणजे काय आणि ती कशाने तुटते, हे मला कुठे कळत होतं? डबा बंद पडतो, असं यांच्या तोंडून कधी आलंच नाही. दुपारी तो बंद असतो हे यांनाही ठाऊक नव्हतं.

भाऊजी म्हणाले, रॅम असेल, आणि दुसरी घातली. कॉपी तुटतच राहिली. मग म्हणाले, पॉवर सप्लाय असेल, तोही बदलला. मग एक डिस्क बदलली, पुढे दुसरीही. मग डबा उचलून दुकानात नेला आणि आठ दिवस चालू ठेवला.

"माझ्याकडे एकदाबी कुरकुरला नाय," आणून देताना ते म्हणाले.

"मग काय माज्या घरात भूत हाय?"

"भूत नाय, लाइट असेल. वहिनी, दुपारची लाइट जाते काय?"

"जाते," मी दारातून म्हणाले. आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीला लाइट जाते, ते मनात होतं. खोटं बोलले नव्हते.

मग यूपीएस आला. दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी त्याची पिन काढली, तर तो मोठमोठ्याने चीं चीं करायला लागला. घाबरून परत घातली. मग डब्याच्या मागची वायर सापडली. ती काढली की कोणी ओरडत नव्हतं. त्या दिवसापासून मी ती काढायला लागले.

यूपीएस येऊनही कॉपी तुटायची थांबली नाही. यांचा स्वभाव तेव्हा बदलला. कंपनीत कोणीतरी सांगितलं होतं, बोईसरच्या दुकानांत भंगारातलं पुसून विकतात. ते डोक्यात बसलं. सुरुवातीला बोलले नाहीत, पण भाऊजी आले की पूर्वीसारखे उठून बाहेर जायचे नाहीत.

मग तो रविवार आला. भाऊजी दुपारी आले, हे अंघोळीला गेले होते. भाऊजींनी डब्याला मोबाइल जोडून काहीतरी बघितलं आणि एका कागदावर वेळा उतरवल्या. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. ते आत कधी येत नसत. हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, हा डबा रोज दीडला बंद पडतो, चारला चालू होतो. रविवारी नाय. तुमी मागे चार दिवस माहेरी गेलतात, तेव्हाबी नाय." त्यांनी कागदाकडे बघितलं. "दुपारी तिकडं कायतरी करता काय? झाडू-पोछा, कायबी?"

तेव्हा मला कळलं. रॅम, सप्लाय, डिस्क, यूपीएस, ती करडी नवरी, सगळं एकदमच कळलं. माझ्या हातात बोंबलाचं पीठ होतं. बोलायला फक्त एक वाक्य पुरलं असतं. मी मान हलवली. नाही म्हणून.

भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली.

हे अंघोळीहून आले. "मिळालं भूत?"

"नाय."

"कसं मिळेल? भूत दुकानात हाय तुज्या. दोन महिने माल आणतोस, बदलतोस, परत तेच. भंगार आणून माज्या गळ्यात मारलंस."

"अरे, तुला मी..."

"शाळेपासूनचा मित्र म्हणून डोळे झाकून घेतलं. चोर निघालास तू."

मी दाराआड होते. भाऊजींचा हात खिशाजवळ गेला. मला वाटलं, आता तो कागद निघणार. नाही निघाला. ते म्हणाले, "असेल बाबा. माझीच निवड चुकली असेल." चपला घातल्या आणि गेले. त्या दिवशीचे बोंबील तसेच तव्यात राहिले. संध्याकाळी यांनी डबा काढून माळ्यावर टाकला. फोटो होते तिथेच परत राहिले.

त्यानंतर मी रोज ठरवायचे, आज सांगू. हे दमून आले की वाटायचं, उद्या. सणाला हे खुशीत असले की वाटायचं, आजचा दिवस कशाला बिघडवू. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर हे ओरडले असते, आणि रविवारी भाऊजी जेवायला असते. वर्ष गेल्यावर मला नुसती पिन सांगायची नव्हती, ते वर्षही सांगायचं होतं. मग दुसरं वर्ष. रविवारी हे एकटेच ओटीवर बसायचे, मोबाइल बघत. कोणी भाऊजींचं नाव काढलं की उठून जायचे. पुढे यांनी फोटो काढणंही सोडलं. कोणाच्या हळदीला गेले तरी हात खिशात.

गेल्या महिन्यात चष्म्याचा नंबर काढायला मी एकटी पालघरला गेले होते. बाजारातून एसटी स्टँडकडे येताना एका दुकानात तसेच काळे डबे एकावर एक रचलेले दिसले. मी थांबले. गल्ल्यावर भाऊजी होते. केस पिकलेले. मी पुढे जाणार होते, पण त्यांनी बघितलं.

"वहिनी! उन्हात काय उभ्या? आत या."

स्टूल दिलं, पाणी दिलं. "तो कसा हाय?"

"बरे आहेत. गुडघा दुखतो."

"वजन कमी कर म्हणावं. खातो किती!"

ते सहज हसले, आणि त्या हसण्यानेच मला धीर आला असावा. ग्लासाकडे बघतच मी म्हटलं, "भाऊजी, मीच पिन काढायची. डबा तापायचा म्हणून. त्याला जरा आराम म्हणून."

ते मोठ्याने हसायला लागले. "मशिनला दुपारची झोप! वहिनी, कमाल हाय तुमची." हसता हसता थांबले. "पिन काढत व्हता ते म्हायती व्हतं मला. कशासाठी, ते आज कळलं."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, स्वतःचा माल झाकायला माज्या बायकोवर ढकलतो. ते तुमीच सांगायचं व्हतं." हातातला स्क्रूड्रायव्हर त्यांनी खाली ठेवला. "मी वाट बघितली, वहिनी. आधी दोन दिवस, मग महिनाभर. मग सोडून दिलं."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मी उठले. एसटीत बसल्यावर लक्षात आलं, माफी मागायची राहिलीच.

यांना रविवारी जेवताना सांगितलं. एका दमात, ताटाकडे बघून. दुकानात भाऊजी काय म्हणाले तेही सांगितलं. ओरडतील म्हणून मी पदर घट्ट धरला होता. हे ओरडले नाहीत. भाताचा घास हातात तसाच राहिला.

"कितीला काढायचीस?"

"दीडला. भांडी झाली की."

"आणि घालायचीस कधी?"

"चारला."

"म्हंजे रॅम चांगली व्हती."

मी आमटीची वाटी यांच्याकडे सरकवली.

"सप्लाय चांगला व्हता." हे माझ्याशी बोलत नव्हते, कंपनीत मशिन उघडून एकेक भाग बघावा तसं बोलत होते. "डिस्क चांगल्या व्हत्या. पहिल्याबी आणि दुसऱ्याबी. यूपीएस तर लागतच नव्हता." मग घास ताटात ठेवून दिला. "चोर म्हटलं मी त्याला."

"फोन करा ना."

"काय बोलू? तुजी रॅम चांगली व्हती, हे सांगू? सहा वर्षांनी?"

हात धुऊन हे उठले, दुखऱ्या गुडघ्याने शिडी चढले आणि माळ्यावरून डबा खाली घेतला. पुसला, लावला. थोडा वेळ काही नाही, मग निळा दिवा लागला. तेव्हापासून तो दिवसरात्र चालू आहे. लॅपटॉपमधले फोटो परत एकेक करून जातात, एकदाही तुटलेले नाहीत. दीड वाजता भांडी झाली की मी टीव्हीच्या बाजूला जाते, मागे हात लावून बघते. गरम असतो. तसाच राहू देते.

भाऊजींना यांनी अजून फोन केलेला नाही. काल रविवार होता. हे ओटीवर बसले होते, मोबाइलमध्ये भाऊजींचं नाव काढलेलं मला दिसलं. बराच वेळ नुसतं बघत होते. मी बाहेर गेले आणि म्हटलं, "लावा." एवढंच मला जमलं.

"उद्या," हे म्हणाले, आणि मोबाइल पालथा ठेवला.

उद्या म्हणजे काय असतं, ते या घरात माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही.